माडवलीचं बाहेर पडणं

इंग्लंडने युरोपचा संघ सोडला तेव्हा मला त्याचं काडीचंही घेणंदेणं नव्हतं. कुणी कुणाला सोडलं, कोण कुणाकडे परत गेलं, असल्या भानगडी मला आमच्या खाडीपट्ट्यातल्याच पुष्कळ माहीत आहेत. त्यात आणखी एका देशाची भर कशाला? पण आमच्या ह्यांना घेणंदेणं होतं. आणि एकदा ह्यांना एखाद्या गोष्टीचं घेणंदेणं वाटायला लागलं की त्रास मला होतो, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या ध्यानात आलं होतं.

आमचे हे म्हणजे मुनाफ, रत्नागिरीकडच्या माडवलीचे. इथे बहरीनमध्ये एका कंपनीत क्लिअरिंगचे क्लार्क आहेत. कंपनी इंग्लंडहून बिस्किटं, जॅम, चहा, डब्यातले बीन्स असला माल मागवते, आणि तो कागदपत्रं दाखवून बंदरातून सोडवून आणायचा, हे ह्यांचं काम. इंग्लंड संघात होतं तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. ते बाहेर पडलं आणि माल कुठल्या देशाचा, ह्यावर रोज नवी कटकट सुरू झाली. बिस्किट भाजलं इंग्लंडमध्ये, लोणी आयर्लंडचं, पाकिटं भरली हॉलंडात; मग बिस्किट कुठलं? हे जेवताना घास हातात धरून मलाच विचारायचे, "सांग हुस्ना, कुठलं?"

"पोटात गेलं की पोटाचं. जेवा आता," मी म्हणायची.

दोन-तीन वर्षं ह्यांनी इंग्लंडला शिव्या घातल्या. शिव्या घालता घालता अभिमान कधी वाटायला लागला ते त्यांनाही कळलं नसेल. "मर्द देश आहे," म्हणायला लागले. "पटलं नाही, उठले, निघाले. आता आखातातल्या सहा देशांशी स्वतःच्या हिमतीवर बोलणी करतायत. कुणाला विचारायला जात नाहीत." हे सांगणारा माणूस खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, दूध आणताना मला तीनदा फोन करतो, फुल क्रीम आणू की लो फॅट म्हणून.

आता तुम्हाला वजनाचं सांगते, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरून आहेत. विमानाने गावाला जाताना माणशी ठरावीक किलो सामान नेता येतं. आमच्या खाडीपट्ट्यातल्या पाच गावांची इथे एक जमात आहे. तिचा रिवाज असा, की जो कुणी गावाला जाईल त्याने आपलं थोडं वजन जमातीला द्यायचं. जाताना इथल्या माणसांनी घरी पाठवलेल्या वस्तू न्यायच्या, येताना ज्याचं त्याचं कोकम, जवळा, सुका बांगडा, तांदळाचं पीठ घेऊन यायचं. ग्रुपवर कायम एकच प्रश्न, "वजन आहे का कुणाकडे?" आज तुझं मी नेलं, उद्या माझं तू आण, एवढाच कायदा.

माडवलीवाले बहुतेक बऱ्या कंपन्यांत, त्यांना दरवर्षी रजा आणि तिकीट. खाडीपलीकडच्या सांडखोलवाल्यांना दोन वर्षांनी एकदा. त्यामुळे नेणारे माडवलीवाले आणि पाठवणारे सांडखोलवाले, असं झालं होतं खरं. ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, एवढं मी मानते. मागच्या खेपेला ह्यांच्या बॅगेत सांडखोलची दोन जाडजूड ब्लँकेटं भरली. विमानतळावर वजन जास्त झालं, तेव्हा ह्यांनी काढलं काय, तर स्वतःच्या आईसाठी घेतलेला मिक्सर. घरी गेल्यावर सासूबाईंनी ब्लँकेटांवरून हात फिरवला आणि विचारलं, "चांगली ऊबदार आहेत रे. कुणाची?" तो प्रश्न ह्यांच्या जिव्हारी लागला.

आता पंचाईत अशी, की मी सांडखोलची. जमातीचा सेक्रेटरी फारुख मुकादम हा माझा सख्खा थोरला भाऊ. आणि ती ब्लँकेटं माझ्या आईला गेली होती.

ह्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. ते बोलले थेट जमातीच्या मीटिंगमध्ये, जिदहफ्सच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. इंग्लंडपासून सुरुवात केली आणि ब्लँकेटांवर आले. "माडवली ही काय हमालांची वस्ती आहे? आम्ही स्वतंत्र होतो. आमचं वजन आमच्या गावाला!" मग माडवलीवाल्यांनी तिथेच हात वर करून मतं दिली. एका हाताच्या फरकाने बाहेर पडायचं ठरलं, आणि तो एक हात ह्यांचाच होता. बायकांना कुणी विचारलं नाही. आम्ही पडद्यामागे समोसे तळत होतो.

"मुबारक हो," फारुखभाई एवढंच म्हणाला आणि त्याने सगळ्या माडवलीवाल्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. हॉलमध्ये बसल्या बसल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

घरी येताना गाडीत हे कसलंसं गाणं गुणगुणत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र माझा डबा येत होता.

हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटच्या किचनमधून मी डबे देते. आपल्याकडची एकटी राहणारी माणसं, ड्रायव्हर, क्लार्क, ए.सी. दुरुस्त करणारे, त्यांना माझं माशाचं सालन, तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि सोलकढी लागते. ह्यांच्या कंपनीतला ड्रायव्हर दत्ताराम, संगमेश्वरचा, तो सकाळी डबे उचलतो आणि पोचवतो. त्याच्याच डब्यातली कढी एकदा सनाबिसच्या एका ऑफिसातल्या मॅनेजरने चाखली, स्वरूप नाव त्याचं, आणि मला फोन केला. अख्ख्या ऑफिसला रोजचं जेवण हवं होतं. ईदनंतर सुरू करू म्हणाला, पण चव अशीच पाहिजे. शेवटी म्हणाला, "थँक यू, हुस्ना मॅडम." वीस वर्षं मी बहरीनमध्ये आहे. माझ्या ओळखपत्रावर मी मुनाफची बायको, जमातीत फारुखची बहीण, शाळेत इरमची मम्मी. मॅडम मला तोवर कुणी म्हटलं नव्हतं. तुम्हाला हसू येईल, पण फोन ठेवल्यावर मी आरशात बघून आले.

आणि माझं सगळं कोकम, सगळा जवळा यायचा जमातीच्या वजनातून.

पहिल्या महिन्यातच बरण्यांचे तळ दिसायला लागले. माडवलीची दोन माणसं गावाला गेली, पण त्यांच्या बॅगा त्यांच्याच बहिणींच्या लग्नाच्या सामानाने भरलेल्या. हे म्हणाले, "घाबरू नको. आपण दुसऱ्यांशी करार करू."

पहिला करार केला रायगडवाल्यांशी. ती माणसं चांगली, त्यांनी वजन दिलं. पण ती जाणार माणगावपर्यंत. कोकमाची पिशवी त्यांना द्यायला माडवलीहून ह्यांच्या चुलतभावाला दिवसभर एस.टी.ने माणगाव गाठावं लागलं. त्याने पुढच्या वेळेला फोनच उचलला नाही. मग ह्यांनी मोठी उडी मारली. शेजारी बिजू राहतो, केरळचा. त्यांची माणसं रोज येतात-जातात, वजनाला तोटा नाही. "मोठ्या देशाशी करार केला की असा फायदा होतो," हे मला ऐकवत होते. बिजू मला त्यांच्या भाषेत ताई म्हणतो; बिचारा मनापासून म्हणाला, "चेची, कोकम? आमच्याकडे घराघरात." पंधरवड्याने त्याने पिशवी आणून दिली. आत काळेकुट्ट, धुरात सुकवलेले तुकडे. त्यांच्याकडे माशात घालतात ते आंबट फळ. कोकमाचं लांबचं नातेवाईक असेल, पण त्याची सोलकढी केली तर रंग मोटारीच्या ऑइलसारखा आला.

दत्ताराम डबा परत करताना हळूच म्हणाला, "भाबी, आज कढीला बरं नव्हतं काय?"

मी रडले हो. स्वरूपच्या ऑफिसात असली कढी गेली असती तर माझी मॅडमगिरी एका दिवसात संपली असती. हे म्हणाले, "सुरुवातीला थोडा त्रास होतोच. इंग्लंडलाही झाला." मी म्हटलं, "इंग्लंडला डबे द्यायचे नव्हते!"

दुसऱ्या दिवशी मी बुरखा चढवला आणि जिदहफ्सला भावाच्या घरी जाऊन बसले. फारुखभाई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन खाडी ओलांडायचा, पण सेक्रेटरी झाल्यापासून खोकल्याशिवाय बोलत नाही. तो खोकला आणि म्हणाला, "माडवलीला काही मिळणार नाही. पण तू सांडखोलची लेक आहेस. माहेरवाशिणीचा हक्क आहे. तुझ्या किचनपुरतं, घरगुती, थोडंथोडं सामान जमात आणून देईल. मात्र ते माडवलीच्या माणसाच्या पोटात जाता कामा नये."

"म्हणजे माझ्या नवऱ्याच्या?"

"नियम म्हणजे नियम."

मला वाटलं, घरी येऊन सांगितलं की हे भडकतील. भडकले नाहीत, उलट ताठ झाले. "मला तरी कुठे हवंय त्यांचं?" म्हणाले. "किचन तुमच्या जमातीत राहू दे. हॉल आणि बेडरूम स्वतंत्र आहेत." इरम, आमची मुलगी, सोफ्यावर पडून फोनमध्ये बघत होती. ती वर न बघताच म्हणाली, "ओ माय गॉड, धिस इज लिटरली नॉर्दर्न आयर्लंड." मला त्यातलं काही कळलं नाही. ह्यांना कळलं; इंग्लंडबरोबर बाहेर पडूनही तो तुकडा मालापुरता संघाच्याच नियमांत राहिला म्हणे, आणि हे चक्क खूश झाले.

त्या दिवसापासून किचनच्या दाराशी सीमा आली. मी ताट वाढलं की हे आधी चौकशी करायचे, अगदी बंदरावर करतात तशी. "हा बांगडा कुठला?"

"फ्रिजमधला."

"उगम विचारतोय."

"सांडखोल."

"मग नको."

आणि कंपनीतून आणलेला, पोचे पडलेला बीन्सचा डबा फोडून ब्रेडबरोबर खायचे. गोड बीन्स! टोमॅटोच्या पाकातले! इंग्रज ते नाश्त्याला खातात म्हणे. म्हणूनच जगभर फिरले असतील बिचारे, जेवण शोधत. इरम आणि मी आत बसून सालन-भाकरी खायचो आणि बाहेरून चमच्याचा आवाज यायचा. मला वाईट वाटायचं, आणि संतापही यायचा. वीस वर्षं ज्या हातचं खाल्लं त्या हाताला आता पासपोर्ट मागता?

त्याच सुमारास दत्ताराम म्हणाला, "भाबी, एक डबा वाढवा. गोडाऊनमध्ये नवा माणूस आलाय. परीक्षित म्हणून. सांगलीकडचा."

"सांगलीचा, आणि मासे खातो?"

"खातो. म्हणजे... शिकलाय," दत्ताराम म्हणाला आणि घाईघाईने जिना उतरला.

परीक्षितचा डबा सुरू झाला. गिऱ्हाईक फार गुणी. पैसे वेळेवर, डबा कायम चाटूनपुसून रिकामा. मी विचारलं, कसा आहे रे तो? दत्ताराम म्हणाला, लाजाळू आहे, कुणात मिसळत नाही. काही दिवसांनी परीक्षितचे निरोपही यायला लागले. गुरुवारी जवळ्याची चटणी मिळेल का? भाकरी जरा जाड थापली तर चालेल का? आणि एकदा, "भाबी, राग मानू नका, पण परीक्षित म्हणतो सालनात मीठ अर्धा चिमूट जास्त होतं." मला राग आला नाही, हे विशेष. परक्या माणसाने नीट चव घेऊन सांगितलं, ह्याचं बरंच वाटलं.

इकडे ईद जवळ आली आणि सनाबिसचा आकडा कळला. एवढ्या माणसांना रोज कढी द्यायची तर माहेरवाशिणीच्या पुडक्याने काय होणार? पुन्हा भावाकडे गेले. तो खोकला. "हा घरगुती माल नाही, धंदा आहे. त्याला जमातीचं पुरतं वजन लागेल. माडवली परत येऊ दे, मुनाफला मीटिंगमध्ये उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगू दे, दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात पोती."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. आधी नीट सांगितलं, मग हात जोडले, मग भांडले. हे एकच म्हणत राहिले, "इंग्लंड परत गेलं का?"

"इंग्लंड गेलं उडत! माझ्या कामाचं काय?"

"नाक घासायला मी जाणार नाही, हुस्ना. खलास."

खलास तर खलास. दुसऱ्या दिवशी मी आलेले डबे धुवायला घेतले, स्वरूपला नाही म्हणून कसं सांगायचं ह्याचे शब्द जुळवत. परीक्षितचा डबा उघडला. त्या दिवशी त्याने घाईत तो पुसला नव्हता. झाकणाच्या कडेला कोकमाची सालं एका ओळीत लावून ठेवलेली, आणि माशाचे काटे कागदी रुमालात चौघडी घालून, वर एक दुमड, फाइल बंद करावी तसे. मी बघतच राहिले. अख्ख्या दुनियेत काट्यांची अशी घडी घालणारा एकच माणूस आहे, आणि तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून बीन्स खातो.

आधी मी हसले. सिंकला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग ते पाणी थांबेना. सीमा ह्यांची, नियम ह्यांचे, आणि बायकोच्या हातच्या भाकरीसाठी हा माणूस सांगलीचा झाला!

सकाळी दत्ताराम डबे न्यायला आला. मी एक कमी दिला.

"भाबी, परीक्षितचा?"

"बंद. त्याला सांग, भाबीला आता कोकम मिळत नाही. सगळ्यात आधी तुझा डबा बंद केला, म्हणावं."

दत्तारामचं तोंड उतरलं. "भाबी, आईशप्पत, मी नको नको म्हणत होतो..."

"यल्ला, बाकीचे डबे घे. उशीर होतोय."

त्या संध्याकाळी ह्यांनी बीन्सचा डबा फोडला, दोन चमचे खाल्ले, ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी डबा फोडलाच नाही. तिसऱ्या दिवशी शुक्रवार होता. इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "जिदहफ्सला मीटिंग आहे. येतेस?"

हॉल गच्च भरला होता. खबर पसरली होती. फारुखभाई टेबलामागे बसून खोकत होता. हे उभे राहिले आणि खिशातून कागद काढला. मला माहीतच होतं. संघ सोडलेल्या देशांची स्थिती, व्यापारातल्या अडचणी, दोन्ही बाजूंचं हित... पडद्यामागे आम्ही बायका जांभया द्यायला लागलो. एवढं बोलून हे "तरीही आम्ही बाहेरच" म्हणून खाली बसले असते, तर सगळं संपलं असतं.

फारुखभाईने हात वर केला. "मुनाफ, इंग्लंडचं राहू दे. तुला परत का यायचंय, ते सांग."

ह्यांनी कागदाकडे बघितलं. कागदात ते नव्हतं. त्याची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

"माझी बायको घरात सैपाक करते," हे म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "तो सगळ्या हूऱ्याला मिळतो. मला मिळत नाही, कारण मीच नियम केला. चार महिने मी तिचा डबा परीक्षित नावाने मागवून गोडाऊनमध्ये कार्टनच्या मागे बसून खाल्ला. आता तोही बंद झाला. आणि माझ्यामुळे तिचं सनाबिसचं कामही जाईल. माडवलीला परत घ्या. माझ्या बॅगेत काय भरायचं ते भरा."

आधी दत्ताराम, जो जमातीचा नाही, पाच गावांतला नाही, फक्त आम्हाला सोडायला आला होता, तो दाराशी हसत सुटला, आणि मग अख्खा हॉल. "परीक्षित! परीक्षितला घ्या रे आत!" फारुखभाई हसता हसता खरोखरचा खोकायला लागला. उठून त्याने ह्यांना मिठी मारली. मी पडद्यामागे ओढणी तोंडात कोंबून बसले होते. लाज वाटत होती, आणि त्या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली होती की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पोती आली नाहीत. फारुखभाई बोलायला राजा आहे. पण आठवड्याभरात सांडखोलचा एकजण अर्धी बॅग कोकम घेऊन उतरला, मागून माडवलीचे दोघे. ईदनंतर सनाबिसचे डबे सुरू झाले. स्वरूपने फोन करून कढीचं कौतुक केलं, आणि पुन्हा मॅडम म्हणाला.

मीटिंगहून परत येतानाचं मात्र सांगायचं राहिलं. दत्ताराम गाडी चालवत होता, आम्ही मागे. हे खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "मीठ खरंच थोडं जास्त असतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

वीस वर्षं. वीस वर्षांत ह्यांची मला हे सांगायची हिंमत झाली नव्हती, त्यासाठी परीक्षित व्हावं लागलं. मी घरी गेले, ह्यांना किचनमध्ये स्टुलावर बसवलं, सालन टाकलं, आणि मिठाचा डबा ह्यांच्या हातात दिला.